दोर सुटेपर्यंत

ट्रकवाला आला आणि गाडीतून उतरलाच नाही, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे दोरवाल्याला कळलं. एरवी हा माणूस हॉर्न वाजवत अंगणात शिरायचा आणि "सूत आलंय, जिवंत आहात का?" म्हणून ओरडायचा. त्या दिवशी त्यानं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तसाच बसून राहिला.

"काय झालं?" दोरवाल्यानं विचारलं.

"दादा, थोरली गेली. ताप उतरलाच नाही."

दोरवाल्याच्या हातात तागाची पेंडी होती. ती त्यानं खाली ठेवली नाही. विंचरत राहिला. सगळी पेंडी विंचरून झाली तेव्हा त्याला कळलं की ती आधीच विंचरलेली होती.

थोरली म्हणजे त्याची बायको. माहेरी दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. लग्न होऊन इकडे आली तरी थोरलीचं नाव तेच राहिलं. माहेर काही सातासमुद्रापार नव्हतं. दोरवाल्याच्या अंगणातून दिसायचं. मध्ये फक्त सीमा होती.

दोर वळायला लांबच लांब सरळ जागा लागते. दोरवाल्याच्या बापानं आणि त्याच्या सासऱ्यानं मिळून तशी एक वाट केली होती, डोक्यावर पत्रे घातलेली. एका टोकाला इकडचं चाक, दुसऱ्या टोकाला तिकडची गाडी. मधून सीमा जायची, ती त्या वेळी चुन्याची नुसती एक रेघ होती. पाऊस पडला की वाहून जायची आणि पुन्हा मारायला कुणी यायचं नाही. दोरवाल्यानं थोरलीला पहिल्यांदा पाहिलं ते त्याच दोराच्या पलीकडच्या टोकाला. लग्नानंतर ती चालत इकडे आली. कुणी तिला काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

मग रेघेच्या जागी तार आली, तारेला फाटक आलं, फाटकाला शिपाई आला. तरी येणंजाणं चालू होतं. आईचं आजारपण काढायला थोरली माहेरी गेली आणि ती तिकडे असतानाच नवा हुकूम निघाला. पलीकडे जन्मलेल्या माणसाला आत यायचं तर परवाना पाहिजे. संसार कुठे केला हे कुणी विचारत नव्हतं, जन्म कुठे झाला एवढंच. आई गेली, तिचं सगळं आटपलं, आणि थोरली फाटकावर जाऊन उभी राहिली. "उद्या या," म्हणाले. उद्या गेली तर "अर्ज वर गेलाय" म्हणाले.

दोरवाला तारेशी येऊन तिच्याशी बोलायचा. दोराच्या वाटेपुरती तारेत एक फट ठेवलेली होती. दोर म्हणजे माल, आणि मालाला बंदी नव्हती.

"अगं, फटीतून ये की," त्यानं एकदा सांगितलं. "शिपाई जेवायला गेला की ये."

"चोरासारखी कशाला येऊ?" ती म्हणाली. "माझं घर आहे ते. येईन तर दारातून."

आली ती दारातूनच. ट्रकवाल्यानं सुताच्या गठ्ठ्यांमध्ये जागा करून तिला आणलं. फाटकावर मालाची पावती फाडली, शिपायानं टोपी काढली आणि दांडा वर केला. जिवंत बाईला परवाना लागत होता, मेलेलीला पावती पुरली.

मातीला सगळा गाव आला. धाकटी तेवढी येऊ शकली नाही. ती तारेपलीकडे उभी होती. दोरवाल्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याच्या मनात पहिल्यांदा दुःखाच्या जागी राग आला. रागाचा त्याला आधार वाटला.

पुढे काही दिवस त्यानं काम केलं नाही. मग बंदरावरून माणूस आला. मोठ्या बोटी बांधायचा जाड दोर हवा होता. थोरली होती तेव्हाच शब्द दिलेला.

"नसेल जमत तर तसं सांगा," बंदरवाला म्हणाला. "तुमच्यावर ओढवलंय ते काय मला कळत नाही?"

"जमेल," दोरवाला म्हणाला. कसं ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

थोरलीच्या जागी जाणतं माणूस नव्हतं, सुताची अडचण नव्हती. सूत धाकटीच काढत होती, तिकडे, स्वतःच्या अंगणात. कमरेला ताग गुंडाळून उलटं चालायचं, चालता चालता बोटांतून ताग सोडत जायचा, की पुढे सुताची तार वळत जाते. ते सूत ट्रकवाला आणायचा. दोरवाला गठ्ठा उघडायचा आणि बोटांनी चाचपायचा. धाकटीच्या हातचं सूत फाटकातून बिनबोभाट येत होतं. धाकटी येत नव्हती.

त्यानं तिला फोन केला.

"तिकडे तुझं काय चाललंय?"

"काय चालणार? सूत काढते आणि भिंतीशी बोलते. दाजी, मी येऊ का तिकडे? कामाला येते. फुकट नाही हं, मजुरी घेईन."

"ये."

"आणि तुमचं डोकं फिरलं तर काम सोडेन. आधीच सांगून ठेवते."

"माझं डोकं कधी फिरतं?"

"ताईनं सगळं सांगितलंय मला," धाकटी म्हणाली. दोघं हसली.

ठरलं. त्याला माणूस हवं होतं, तिला काम हवं होतं. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मास्तरणीनं वरची खोली द्यायचं कबूल केलं. मास्तरणीला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि जिना चढवत नव्हता. "वर कुणीतरी पावलं वाजवणारं पाहिजे," ती म्हणाली. "एवढ्या शांततेत झोप लागत नाही मला." ज्यांचा ज्यांचा या गोष्टीशी संबंध होता ते सगळे राजी होते. दोरवाल्याला वाटलं, झालं काम.

परवाना कचेरीतल्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. पंखा बिघडलेला होता आणि समोर फायलींचा ढीग होता, तरी त्यानं दोरवाल्याला खुर्ची दिली.

"सोपी वाट सांगू का?" कारकून खालच्या आवाजात म्हणाला. "लग्न करून टाका. गेल्या आठवड्यात नियम बदललाय, बायकोला आता लगेच परवाना मिळतो."

"माझी बायको जाऊन किती दिवस झालेत?"

"अहो, कागदावर म्हणतोय मी."

दोरवाल्यानं ते धाकटीला सांगितलं. तारेपलीकडे ती पोट धरून हसली.

"तुमच्याशी लग्न? दाजी, त्यापेक्षा फाटकावर जन्म काढीन. ताई घोरण्याचं सांगायची तुमच्या."

"मी कुठे म्हणतोय? तो कारकून म्हणतो."

"मग त्याला म्हणावं, तूच कर माझ्याशी. कागदावर."

कारकुनाकडे दुसरी वाटही होती. मजूर परवाना. त्यात मालकाचं नाव असायचं. त्या मालकाचं काम सोडलं की माणसानं आल्या वाटेनं परत जायचं. दोरवाला त्यालाही तयार झाला असता. धाकटी झाली नाही.

"म्हणजे मी काम सोडलं तर मला हाकलणार?"

"मी कुठे हाकलतोय तुला?"

"तुम्ही नाही हो. पण हाकलायची चावी तुमच्या हातात. आज तुम्ही चांगले आहात. उद्या नसलात तर? खुंट्याला बांधून घ्यायला मी गाय आहे का? मी येईन ती माझ्या पायानं, आणि तुमचं काम नाही पटलं तर समोरच्या दुकानात जाईन. नाहीतर नाही येत."

दोरवाल्याला आधी राग आला. इतकी वर्षं त्यानं कुणाला हाकललं नव्हतं. घरी येईपर्यंत राग गेला. थोरलीनं हेच म्हटलं असतं, असं त्याला वाटलं.

उरला मोकळा परवाना. हवं तिथं राहा, हवं ते काम करा. तो मिळणं कठीण नव्हतं, फक्त गावातल्या कुणाची हरकत असता कामा नये. कचेरीबाहेरच्या फळ्यावर धाकटीचं नाव लागलं, आणि दुसऱ्याच दिवशी हरकत आली. एकच. सुताराची.

सुतार दोरवाल्याच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. लहानपणापासूनचे दोघं. दोरवाला तडक त्याच्या कारखान्यात गेला.

"तू हरकत घेतलीस?"

"घेतली," सुतार रंधा न थांबवता म्हणाला. "तुझ्यावर नाही घेतली. तत्त्व म्हणून घेतली."

"तत्त्व कधीपासून आलं तुझ्याकडे?"

"चेष्टा नको. एकीला सोडलं की दहा येतात. इथल्या लोकांनी काय करायचं? देश म्हणजे घर आहे. घरात कुणीही शिरू देतो का आपण?"

"घर ना? बरं." दोरवाला लाकडाच्या ओंडक्यावर बसला. "हे घर कुणाचं?"

"कुठलं? हे? माझं."

"आणि पलीकडचं?"

"तुझं."

"मग माझ्या घराला कडी तू का लावतोस? तुझ्या घरात कोण यावं ते तू ठरव. मी कधी येऊन बसलोय का तुझ्या उंबऱ्यावर, ह्याला घेऊ नको, त्याला घेऊ नको म्हणत? मास्तरणीची खोली मास्तरणीची. चाक माझं. बाईचे पाय बाईचे. तुझं ह्यात काय आहे, एवढं दाखव. मी आत्ता उठतो."

सुतारानं रंधा थांबवला. "सगळेच आले तर?"

"येतील आणि राहतील कुठे? झाडावर? कुणीतरी खोली देईल, कुणीतरी काम देईल, तेव्हाच राहतील ना? ज्याला कुणी काही देणार नाही तो कशाला येईल? आणि बाहेरचा माणूस पोट घेऊन येतो तसे दोन हातही घेऊन येतो. तुझा बाप कुठून आला होता रे?"

"ते वेगळं. तेव्हा फाटक नव्हतं."

"तेच म्हणतोय मी."

सुतार चिडला. "त्या कामाला बाहेरची बाई कशाला पाहिजे पण? उलटंच चालायचंय ना? मी चालतो. फुकट चालतो. चल."

दोघं तिरिमिरीत दोराच्या वाटेवर गेले. दोरवाल्यानं त्याच्या कमरेला ताग बांधला आणि चाक फिरवायला घेतलं. उलट चालणाऱ्यानं मागे बघायचं नसतं. मागे काय आहे ते चाकावरचा माणूस बघतो आणि सांगतो. "डावीकडे हो," "खड्डा आहे," "थांब." मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की हात हलतो आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक होतं. दोरवाला आणि थोरली इतकी वर्षं असंच बोलत आली होती. दिवसभरात दुसरं काही बोलणं होत नसे, आणि त्या दोघांना ते पुरायचं.

"सरळ ये. मी बघतोय," दोरवाला म्हणाला.

सुतारानं थोडी पावलं टाकली आणि मान वळवली.

"बघू नको मागे!"

"तू नीट सांगतोयस कशावरून?"

"मग ये तसाच. उजवीकडे हो, उजवीकडे पिंप आहे!"

तत्त्वाच्या माणसाला दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबून चालणं काही जमेना. त्यानं पुन्हा मागे वळून पाहिलं, तागात पाय अडकला, आणि तो दोराला लावायच्या डांबराच्या पिंपाला मिठी मारून खाली बसला. डांबर थंड होतं म्हणून निभावलं. थोरली गेल्यापासून दोरवाला पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सुतारही हसला, पण हरकत काही त्यानं मागे घेतली नाही. "तत्त्व ते तत्त्व," तो मिशीतलं डांबर खरवडत म्हणाला. "पण ते तुझं चाक डगमगतंय बघ. बोटीचा दोर ह्याच्यावर वळलास तर जीव जाईल कुणाचा तरी. नवं करून देतो. आणि ती सासूही सडलीय."

सासू म्हणजे पलीकडच्या टोकाची गाडी. चाकं नसलेला लाकडी पाट, वर दगड रचलेले. दोराचे पेड एका टोकाला चाकाच्या आकड्यांना आणि दुसऱ्या टोकाला ह्या गाडीला बांधायचे. चाक फिरलं की पेडांत पीळ भरतो, आणि पीळ भरला की दोर आखडतो. मग ती गाडी आपोआप चाकाकडे ओढली जाते, हळूहळू, कुरकुरत, एकेक वीत. ओढल्याशिवाय हलायचं नाही आणि आल्याशिवाय राहायचं नाही, म्हणून ती सासू. तिच्यावर एक जाणतं माणूस बसावं लागतं. ताण वाढला की दगड काढायचा, सैल पडला की घालायचा. चुकलं तर दोर तुटतो आणि तुटलेला दोर माणसालाही चिरतो.

नवी सासू करायचं काम सुताराला मिळालं, नवं चाकही. तो महिनाभर त्यातच गुंतला. बंदराच्या दोरामुळे ट्रकवाल्याच्या खेपा वाढल्या, डांबरवाल्याचा माल खपला. दोरवाला हे सगळं बघत होता आणि सुताराला काही बोलत नव्हता.

कल्पना सुचली ट्रकवाल्याला. तो चहा पीत बसला होता.

"मला कसं काय सोडतात हो हे रोज?" तो म्हणाला. "मीही पलीकडचाच की. जन्म तिकडचा."

"तुला कसे सोडतात?"

"मी मालाबरोबर असतो. मालासोबतचा माणूस. माल उतरून होईपर्यंत मला कुणी हात लावत नाही. गाडी रिकामी झाली की मात्र निघायचं."

दोरवाल्यानं कप खाली ठेवला.

"दोर हा माल आहे ना?"

"आहे की."

"आणि सासूवर बसणारं माणूस?"

ट्रकवाल्यानं मांडीवर थाप मारली. "अरे देवा! आणि बोटीच्या दोराला पूर्ण वाट लागते. सासू तारेपलीकडेच लावावी लागणार!"

धाकटीला विचारलं. लपूनछपून असेल तर येणार नाही, असं ती म्हणाली. दोरवाला म्हणाला, "भर दुपारी. सगळ्या गावासमोर."

"मग येते. सासू नव्हती मला, तेवढीही हौस फिटेल."

दोर वळायच्या दिवशी वाटेच्या दोन्ही बाजूंना माणसं जमली. गावातली आली होती, आणि तारेपलीकडेही गर्दी होती. फाटकावर परवान्यासाठी रांग लावणारी माणसं रांग सोडून बघायला आली होती. बंदरवाला आपली माणसं घेऊन आला. मास्तरणीनं खुर्ची मागवली. चाक फिरवायला दोन धट्टी माणसं हवी होती. एक दोरवाला. दुसऱ्याची वाट बघत असताना सुतार बाह्या सरसावत पुढे आला.

"तू?" दोरवाला म्हणाला. "तुझी तर हरकत आहे."

"बाईला हरकत आहे. चाकाला नाही. चाक मी केलंय, ते दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ का?"

चाक फिरलं. पेड ताणले गेले आणि पत्र्याखाली घुमू लागले. पलीकडे, दूर, धाकटी सासूवर दगडांच्या मध्ये बसली होती, एक हात पेडांवर ठेवून. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग सासू करकरली आणि हलली.

"आली!" कुणीतरी ओरडलं.

एकेक वीत सासू तारेकडे सरकत होती. फटीशी शिपाई उभा होता. त्याला दोर दिसत होता, गाडी दिसत होती, आणि मग गाडीवरची बाई दिसली. त्यानं हात वर केला.

"थांबवा!"

"थांबत नाही!" दोरवाला ओरडला. "आता थांबवला तर पीळ उलटा येईल. तू त्या जागी उभा राहू नको, बाबा, तुटला तर कापून काढेल तुला. बाजूला हो!"

"दोर कापा मग!" शिपाई म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

"माल आहे तो माझा," बंदरवाला गरजला. "कापायचा हुकूम आहे का तुझ्याकडे? दाखव!"

हुकूम नव्हता. शिपाई सासूच्या बाजूनं चालू लागला, एकेक वीत. काय करावं ते त्याला कळेना. धाकटीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिचे डोळे पेडांवर होते. "दगड," ती म्हणाली. "ताण वाढलाय. तो मागचा दगड काढ, माझा हात पोचत नाही." शिपायानं मुकाट्यानं दगड उचलला आणि खाली ठेवला. दोन्हीकडची माणसं हसली, आणि मग टाचा उंचावून बघू लागली, कारण सासूचं पुढचं टोक तारेच्या अलीकडे आलं होतं.

मग धाकटी आली.

काय ओरडा झाला! तारेपलीकडचे लोक तर उड्या मारत होते. मास्तरणी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होती. दोरवाल्याला ओरडता आलं नाही. चाक सोडून चालणार नव्हतं. तो फिरवत राहिला आणि त्याच्या नाकावरून घाम गळत होता की आणखी काही, ते सुतारानं पाहिलं नाही असं दाखवलं.

दोर पूर्ण झाला तेव्हा परवाना कचेरीतल्या अधिकारी मॅडम जीपमधून आल्या होत्या. सासू अंगणापर्यंत आली होती. धाकटी वरच बसून होती.

"हे काय चाललंय?"

"दोर वळतोय, मॅडम," दोरवाला म्हणाला.

"ह्या बाई आत कशा?"

"मालासोबतचं माणूस. माल उतरेपर्यंत थांबायची मुभा आहे ना?"

मॅडमनी शिपायाकडे पाहिलं. शिपायानं मान हलवली. नियम तसाच होता.

"ठीक आहे. उतरवा माल. सोडा तो दोर आकड्यावरून."

दोरवाला पायरीवर बसला. "माझा दोर आहे. मला घाई नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पीळ मुरू दे जरा."

"किती वेळ?"

"ते दोर बघून सांगता येतं."

लोक अंगणात फतकल मारून बसले. कुणीतरी चहा आणला. मॅडमनाही दिला. त्यांनी तो घेतला. बंदरवाल्याचा ट्रक बाहेर उभा होता, पण त्यानंही सांगून टाकलं की मुरलेलाच दोर नेणार. धाकटी सासूवर मांडी घालून चहा पीत होती.

"हे बघा," मॅडम शेवटी म्हणाल्या, "नियम मी केलेला नाही. पण नियम कशाला असतो? कुणाचं नुकसान होऊ नये म्हणून."

"तेच विचारतो मी," दोरवाला उठून उभा राहिला. त्याला सभेत बोलायची सवय नव्हती. "मॅडम, हिच्या येण्यानं कुणाचं काय गेलं, एवढं सांगा. मला माणूस मिळालं. मास्तरणीबाईंची खोली भरली. ह्यांचा दोर झाला. माझी बायको इथं यायला निघाली होती, स्वतःच्या घरी. तिला कुणी अडवलं? ह्या गावातल्या कुणी नाही. जो तिला ओळखतही नव्हता अशा माणसानं अडवलं, आणि तिच्या येण्यात त्याचा काही फायदातोटा नव्हता. तिनं तिकडे काढलेलं सूत येत होतं. तिचा देह आला. ती जिवंत होती तेवढी चालली नाही तुम्हाला. माणूस गठ्ठ्यापेक्षा हलकं का, हे मला कुणीतरी समजावून सांगा. मी अडाणी आहे, समजून घेईन."

मॅडमनी कप खाली ठेवला.

"हरकत आहे एक," त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या. "लेखी हरकत आहे. ती असेपर्यंत माझे हात बांधलेले आहेत."

सगळं अंगण सुताराकडे वळलं. तो चाकाला टेकून उभा होता, तळहातांना फोड आलेले.

"बघताय काय सगळे?" तो म्हणाला. "हरकत घेतली तेव्हा मला बाहेरचे लोक माहीत होते. ही तर धाकटी आहे."

"आणि दुसरी कुणी असती तर?" दोरवाल्यानं विचारलं.

"तू गप रे जरा. एका वेळी एक."

"नाही, सांग. तू ओळखत नसतास अशी कुणी असती तर?"

सुतारानं मान खाजवली. महिनाभराचं काम, नवं चाक, नवी सासू, समोर पडलेला तो जाडजूड दोर, सगळं त्याला दिसत होतं. "तर मग ओळख होईपर्यंत गप्प बसायला पाहिजे होतं मी," तो म्हणाला. "लिहा मॅडम. मागे घेतली. आणि लवकर लिहा, त्या बाईला खाली उतरू द्या. पाट माझा नवा आहे, डाग पडतील चहाचे."

मॅडमनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि शिक्का मारला. मोकळा परवाना. त्यावर मालकाचं नाव लिहायला जागाच नव्हती. त्यांनी तो स्वतः धाकटीच्या हातात दिला, आणि जाताना दोरवाल्याला म्हणाल्या, "तुमच्या मिसेसचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. वरचा कागदही उलटून बघितला नव्हता मी." दोरवाल्यानं मान हलवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही.

मग धाकटी सासूवरून उतरली. पाय आखडले होते म्हणून जरा लंगडत. आकड्याशी गेली आणि तिनंच दोर सोडला.

बंदरवाल्याच्या माणसांनी तो खांद्यावर घेतला तेव्हा रस्त्याच्या वळणापर्यंत माणसांची ओळ लागली. ट्रकवाल्यानं हॉर्न जो सुरू केला तो थांबवेना. सुतार आपले फोड येईल त्याला दाखवत होता.

दुसऱ्या दिवसापासून धाकटी कामाला लागली. पहिल्याच सकाळी तिचं आणि दोरवाल्याचं भांडण झालं, डांबर किती पातळ असावं यावरून, आणि तिनं सुनावलं, "समोर जाऊ का मी? परवाना आहे माझ्याकडे!" दोरवाला म्हणाला, "जा. पण हे पिंप संपवून जा." ती गेली नाही. वरच्या खोलीत पावलं वाजू लागली आणि मास्तरणीला झोप लागू लागली. दुपारी धाकटी कमरेला ताग बांधून उलटी चालू लागली. दोरवाला चाकावर होता. "डावीकडे," तो म्हणाला आणि चाक फिरवता फिरवता थांबला. तिनं मागे पाहिलं नाही. "सांगा की पुढचं, दाजी," ती म्हणाली. "मी चालतेय." मग तो सांगत गेला.

संध्याकाळी तो तारेशी गेला. दोर वळला जात असताना उड्या मारणारी माणसं पुन्हा रांगेत उभी होती. एक न्हावी होता, एक परिचारिका, एक म्हातारा ज्याचा मुलगा इकडे राहत होता. दोरवाल्यानं प्रत्येकाला विचारलं, काय काम येतं, इकडे कुणी घेणारं आहे का. पुढच्या दिवसापासून तो कामाआधी रोज त्यांच्या अर्जांसाठी कचेरीत जाऊ लागला, कधी सुताराला घेऊन, कधी एकटा.

पण दोराला जेवढी माणसं लागतात तेवढीच दोर आणू शकत होता, आणि त्याला एकच लागत होतं. फाटक उघडलेलं नव्हतं, आणि रांगेतल्या एकालाही अजून आत येता आलेलं नव्हतं.